शनिवारचे डबे

पुण्याच्या कॉलेजांची खरी माहिती आमच्या रहिमतपुरात एकाच माणसाला होती, आणि त्याने कॉलेजची पायरी कधी चढलेली नव्हती. आम्ही त्यांना कंडक्टरनाना म्हणायचो. ते एस.टी.च्या पुणे गाडीवर असत. शनिवारी त्यांच्या सीटखाली गावातल्या शिकायला गेलेल्या पोरांचे डबे असत. स्वारगेटला पोरं येऊन आपापला डबा नेत आणि मागचा रिकामा देत.

मी जुनी अकरावी मॅट्रिक पास झाले तेव्हा माझे वडील, आबा, पुण्याला जाऊन तीन कॉलेजांची माहितीपत्रकं घेऊन आले. तिन्हींवर सारखीच दगडी इमारत, सारखीच बाग. सांगलीचा मामा आणि साताऱ्याची आत्या आपापल्या गावाला ओढत होते ते वेगळंच. आत्याकडे गेले असते तर वर्षाच्या आत तिने स्थळ आणलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आबांचं काही ठरेना आणि फॉर्म भरायला दोन दिवस उरले. शेवटी ते मला घेऊन स्टँडवर नानांकडे गेले.

नानांनी माहितीपत्रकं हातात घेतली आणि न उघडताच परत दिली. म्हणाले, “आवं आबा, ज्या कालेजाची पोरं डब्यासाटनं गाडीच्या आदी येऊन हुबी ऱ्हात्यात, तितं मास्तर शिकवत न्हाई. त्या नदीपल्याडच्या कालेजाची पोरं कवा बी उशिराच येत्यात. तास सुटल्याबिगर सोडतच न्हाईत. तितं घाला पोरीला. आमचा शिरपा बी तितंच हाय.” आबांनी तिथल्या तिथे कॉलेज ठरवलं. एवढ्या मोठ्या शहरातलं माझं शिक्षण अशा रीतीने डब्यांवरून ठरलं आणि ते चुकलं नाही, हेही सांगायला हवं.

नानांचे असे बरेच ठोकताळे होते. समोर तीन हॉटेलं असलेल्या कॉलेजात पोर घालू नये. दर शनिवारी गाडीत बसून घरी येणारं पोर वसतिगृहात रमलेलं नसतं, त्याला आईने रागावू नये. मला डबा देताना मात्र ते फक्त “जेव गं” म्हणत.

सीटखाली निळ्या झाकणाचा एक डबा कायम मागे राही. तो शिरपाचा, नानांच्या मुलाचा. तो आला नाही का, असं विचारलं की नाना म्हणत, तास असंल. एका शनिवारी मला फार उशीर झाला. गाडी रिकामी उभी होती आणि नाना मागच्या सीटवर तो निळा डबा उघडून जेवत होते. मला पाहून ओशाळले. मग म्हणाले, “भरला डबा परत गेला की शिरपाची आय दोन दिस जेवत न्हाई.” नळावर जाऊन त्यांनी डबा मातीने लख्ख घासला.

दुसऱ्या वर्षी मीही डबा घ्यायला जायची बंद झाले. शनिवारी प्रात्यक्षिकं असत, मग अभ्यास असे, मग नुसताच कंटाळा. माझा डबा कोण खात असेल आणि कोण घासत असेल, हे मला माहीत होतं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या वर्षी मला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

मग आबांचं कार्ड आलं. ‘डबा भरलेला परत आला. आई जेवली नाही. तब्येत कळव.’

त्या शनिवारी मी तास बुडवला आणि गाडीच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन उभी राहिले. गाडीतून एक तरुण कंडक्टर उतरला. नाना ड्यूटीवरून घरी आले आणि बसल्या जागीच गेले, दहा-बारा दिवस झाले, असं त्याने सांगितलं. आबांनी हे कार्डात मुद्दामच लिहिलं नसावं. सीटखाली निळा डबा नव्हता. मी माझा घेतला, बाकावर बसून सगळा संपवला आणि नळावर घासून परत दिला. रडू आलं नाही.

पुढे कॉलेज संपेपर्यंत दर शनिवारी मी गाडीच्या आधी जाऊन उभी राहायचे. नानांच्या हिशेबाने आमच्या कॉलेजात आता मास्तर शिकवत नव्हते.