शेवटचं पाऊल लांब

रेलिनामावशी सकाळी आमच्या बेटावरच्या आउकी गावच्या बाजारात मासळी विकायची आणि दुपारी आम्हा पोरींना गुडघाभर समुद्रात पळवायची. "पाणी पाय धरून ठेवतं, तुम्ही सोडवून घ्या," म्हणायची. मग वाळूत बेडूकउड्या, शेवटी बॉलला अनवाणी पन्नास किक. चार वर्षांत आमच्या मांड्या अशा भरल्या, की शाळेतली मुलं आम्हाला नारळाची खोडं म्हणत. आम्हाला ते आवडायचं.

मी चौदाची असताना प्रांताच्या मुलींच्या फुटबॉल संघाची निवड होती. मैदानात पहिल्यांदाच बॉलचा वेग मोजणारी स्पीडगन आलेली. बूट सक्तीचे, किक तीन, आणि एक तरी ताशी सत्तर किलोमीटरच्या वर गेली तरच संघात. आमची सगळ्यात जोरकस पोर नेस्टा पुढे झाली.

पहिली बासष्ट. दुसरी चौसष्ट.

"रेलिना, पोरींना फुटबॉल शिकवलास की पोहायला?" शेजारच्या गावचा प्रशिक्षक टोआटा हसला.

"दात झाक रे, अजून एक बाकी आहे."

नेस्टाचा चेहरा रडवेला. "मावशी, हे बूटच जड आहेत."

मावशी गवतावर वाकली. बुटांच्या खिळ्यांचे ठसे बघत राहिली.

"शेवटचं पाऊल केवढंसं टाकतेस गं?"

"वाळूत लांब टाकलं की पाय सरकतो. तूच तर आखूड टाकायला लावलंस."

मावशीने मान हलवली. "हो, मीच. चूक माझी. पण इथे खिळे रुततात, पाय हलणार नाही. ओहोळ ओलांडतेस तसं टाक."

"आणि पडले तर?"

"बॉल गेल्यावर खुशाल पड."

नेस्टा धावली. शेवटची झेप एवढी लांब, की मागे गेलेला पाय क्षणभर हवेतच राहिल्यासारखा वाटला. मग तो आला. धप्प आवाज झाला, जाळी फुगली आणि नेस्टा खरंच आडवी झाली.

स्पीडगनवाल्याने डोळे बारीक केले. "चौऱ्याहत्तर."

आम्ही तिच्या अंगावर जाऊन पडलो. कुणाचं कोपर कुणाच्या नाकात गेलं, पत्ता नाही. टोआटासुद्धा टाळ्या वाजवत होता.

मावशी मात्र गुडघ्यांवर बसून शेवटच्या दोन ठशांमधलं अंतर वितींनी मोजत होती. साडेसहा भरलं. तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"तू बुटकी. तुला सहा पुरे. बूट घट्ट बांध, तुझा नंबर आहे."