पेडणेकर सरांचं घड्याळ

मारण्याआधी पेडणेकर सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. घाई नसायची. पट्टा सोडवायचे, काच वर राहील असं घड्याळ नीट आडवं ठेवायचे आणि मग बाकांच्या रांगेत शिरायचे. पट्ट्याच्या बकलचा तो बारीक टिक आवाज नववी ब ला कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त पाठ होता. तो झाला की सगळा वर्ग माना खांद्यात ओढून घ्यायचा.

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे. उंच, काटक, शर्टाला कायम कडक इस्त्री. "उत्तर बरोबर आलं म्हणून नाचू नका, महाराज. मधली पायरी कुठे आहे?" हे त्यांचं पालुपद. पायरी गाळली की बरोबर उत्तरालाही शून्य. "पायरी गाळणारा एक तर नक्कल करतो, नाही तर काहीतरी लपवतो," असं म्हणायचे. मला गणित आवडायला लागलं ते त्यांच्यामुळेच. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

आणि हेही खरं, की त्यांनी फेकलेल्या डस्टरने एकाची भुवई फुटली होती. एका मुलीची वेणी धरून त्यांनी तिचं डोकं फळ्यावर आपटलं होतं. घरी सांगितलं की घरचे विचारायचे, "तू काय केलं होतंस?" या प्रश्नाने माझं डोकं आजही सणकतं. घराघरांतून तो विचारला गेला, म्हणून तो हात वीस वर्षं वर जात राहिला.

त्या वर्षी सर बदलत होते. डबा दोघांना पुरेल एवढा खायचे आणि तरी वाळत चालले होते. घड्याळ सैल व्हायला लागलं तसं पट्ट्याला त्यांनी एक नवं भोक पाडलं, मग आणखी एक. जानेवारीत पंखा पाचवर. डोळे नको इतके उघडे, जणू समोरून कुणीतरी सतत दचकवतंय. खडू फळ्याला टेकला की टकटक वाजायचा. मारायची कारणं लहान होत गेली आणि मार मोठा.

एकदा वर्तुळ काढताना त्यांची रेष नागमोडी गेली. माझ्या पुढच्या बाकावरचा प्रथमेश खुदकन हसला.

टिक.

पहिल्या थपडेला प्रथमेश बाकाच्या कडेवर आदळला. दुसरी डाव्या कानावर बसली. तो खाली पडला तरी सर वाकून मारत होते. मी उठून उभी राहिले, पण तोंडातून आवाज निघाला नाही. प्रथमेशच्या कानातून रक्ताची बारीक धार निघून कॉलरमध्ये मुरत होती. सर टेबलाकडे परतले, घड्याळ मनगटावर चढवलं आणि म्हणाले, "पुढचं उदाहरण घ्या."

कानाचा पडदा फाटला होता.

माझ्या बाबांचा डोंबिवलीत छोटा छापखाना. मोर्च्यांची, संपाची पत्रकं वाचतच मी मोठी झाले. वर्गात गप्प राहिल्याची लाज इतकी होती की त्या संध्याकाळी एका दमात अर्ध्या पानाचं पत्रक लिहिलं, 'हा हात थांबवा'. बाबांनी एक शब्द बदलला नाही. फक्त म्हणाले, "खाली स्वतःचं नाव घालणार असशील तरच छापतो." घातलं. सकाळी शाळेच्या फाटकावर उभी राहून त्याच्या प्रती वाटल्या.

तासाभरात मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. सर तिथेच उभे होते. तेवढ्यात दार भिंतीवर आपटून प्रथमेशची आई आत आली. काकू जवळच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या. त्यांनी दोन्ही मुठींत सरांची कॉलर धरली आणि त्यांना मागच्या लोखंडी कपाटावर आदळलं. वरचे कप खळखळून खाली पडले.

"कान फोडलास माझ्या पोराचा! कान फोडलास रे मेल्या!"

पुन्हा आदळलं. सरांनी हात उचलला नाही. आणि काकू एकदम थांबल्या. त्यांची बोटं सरांच्या गळ्याशी होती. मूठ न सोडता त्यांनी आधी गळ्याकडे बघितलं, मग डोळ्यांकडे, मग खाली थरथरणाऱ्या हातांकडे.

"सर, थायरॉइड तपासलाय का कधी?"

"अहो, तुम्ही आधी बसा बघू," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"बसत नाही! नाडी बघा ह्यांची, उभ्या जागी पळत सुटलीय. उद्या सकाळी लॅबला या, रक्त द्या. आणि पोलिसांत मी आत्ता जातेय. दोन्ही होणार."

दुसऱ्या दिवशी मी प्रथमेशला वह्या द्यायला लॅबमध्ये गेलेले. कानात कापूस घालून तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर पुस्तकात डोकं खुपसून बसला होता. सर आले, त्याच्याकडे न बघता काकूंसमोर बसले. बाही वर करायची म्हणून सवयीने त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

टिक.

प्रथमेशने वर बघितलंसुद्धा नाही. त्याचं कोपर आपोआप उचललं गेलं आणि कान झाकून बसलं. पुस्तक खाली पडलं. डोळे गच्च मिटून, मान आत ओढून तो वाट बघत होता. सरांनी मान वळवली आणि ते बघितलं.

काकूंनी दंडाला रबरी पट्टा आवळला. दुखू दे, असं मला मनापासून वाटत होतं. पण सुई एका झटक्यात, हलकी गेली. "मूठ सोडा," त्या म्हणाल्या. सरांना ती सोडता येईना. शेवटी काकूंनीच त्यांची बोटं एकेक करून उघडली.

रिपोर्टमध्ये टीएसएच जवळजवळ शून्य, थायरॉइडची हार्मोन्स भरमसाट चढलेली, आणि स्वतःच्याच ग्रंथीवर उठलेल्या अँटिबॉडीज. काकूंनी आम्हाला समजावलं, "शरीरच त्या ग्रंथीच्या मागे लागतं. काम कर, काम कर म्हणून तिला झोडपत राहतं. माणूस आतून पेटतो. चिडतो पण."

शाळेला एवढं पुरेसं होतं. 'सर आजारी होते बिचारे' असे मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरले. 'आजारी माणसाची बदनामी' म्हणून माझ्याकडे माफीनामा मागितला गेला. मी दोन रात्री नीट झोपले नाही. खरंच मी एका रोग्यावर पत्रक काढलं होतं का?

संस्थेच्या बैठकीला काकूंना आणि मलाही बोलावलं होतं. सेक्रेटरींनी रिपोर्ट सगळ्यांना दाखवला. "दोष रक्तातच आहे. आता यात सरांची काय चूक? विषय संपला."

सर उभे राहिले. "मधली पायरी गाळलीत, साहेब."

त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी मान आत ओढली.

"आजार फार तर दोन वर्षांचा. राग त्याने वाढवला, हाताला कंप त्याने आणला, हे मान्य. औषध घेतोय. पण हे घड्याळ मी वीस वर्षं काढून ठेवतोय. काच फुटू नये म्हणून. काचेचं भान ज्याला राहतं, त्याला कानाचंही ठेवता आलं असतं." मग माझ्याकडे वळले. "मृणाल, पत्रकात एक चूक आहे तुझी. तिसऱ्या ओळीत 'बेभान होऊन मारलं' असं लिहिलंयस. मी बेभान नव्हतो. दुरुस्त कर."

त्यांनी राजीनामा दिला. पोलिसांतही आजाराचं नाव न घेता गुन्हा कबूल केला.

गेल्या वर्षी खोपटच्या एसटी डेपोत ते अचानक भेटले. आता कोकणात, गावी राहतात. तपासणीसाठी अधूनमधून ठाण्याला येतात. अंग भरलं होतं, हात स्थिर. मनगट रिकामं. मांडीवर रिपोर्टांची जाड फाइल होती. ती उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली. सगळ्यात वर माझं पत्रक, पिवळं पडलेलं. तिसऱ्या ओळीतल्या 'बेभान होऊन'वर लाल शाईची काट आणि समासात त्यांच्या अक्षरात 'भानावर असताना'.

"डॉक्टर विचारतात, हा कसला कागद? मी सांगतो, हा पहिला रिपोर्ट."

मी ती तिसरी ओळ पुन्हा वाचली.

"प्रथमेशला ऐकू येतं?"

"डावीकडून नाही."

त्यांनी मान हलवली, फाइलची नाडी बांधली आणि गाडीत चढले. खिडकीशी बसून माझ्याकडे बघत राहिले. क्षमा करणं माझ्या हातात नव्हतं, ते प्रथमेशचं होतं आणि त्याने केलेली नाही. मी हात हलवला नाही. पण गाडी डेपोबाहेर पडेपर्यंत तिथून हललेही नाही.