भिकनभाऊंची चिलटं

भिकन पगारे अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होते. बोटं जाडजूड, नखांत कायम काळं ऑइल. त्यांची बायको लताबाई म्युनिसिपालटीच्या शाळेत तिसरीला शिकवत. मूलबाळ नव्हतं. सिडकोतल्या दोन खोल्यांत दोघांचा संसार. संध्याकाळी बाई वर्गातल्या गमती सांगायच्या आणि भाऊ कांदा चिरत ऐकायचे.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात बाईंनी वर्गात दाखवायला नाल्यातून बेडकाची पिल्लं आणली. काळी, शेपटीवाली. शाळेत माशांची एक जुनी काचेची टाकी पडून होती, तिच्यात ती ठेवली. हळूहळू पिल्लांना पाय फुटले, शेपट्या गेल्या, हरभऱ्याएवढाले बेडूक झाले. आता त्यांना नाल्यात सोडायचं असं ठरलं, आणि त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिता लिहिता बाई खाली कोसळल्या.

दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही. एक शब्द तेवढा राहिला होता : "हो." पाणी पाहिजे असलं तरी हो, नको असलं तरी हो.

"त्यांना सगळं समजतंय," डॉक्टर म्हणाले. "बोलायला गेल्या की दुसरा शब्द तोंडात येत नाही. मान डोलावण्यावरही जाऊ नका, तीही उलटसुलट होते."

भाऊ अंदाजाने चालायचे. डोळ्यांकडे बघायचं, आणि चुकलं की पुन्हा दुसरं काही करून बघायचं.

एक दिवस शाळेचा शिपाई ती टाकी घरी घेऊन आला. आत पाचच बेडूक उरले होते. खाटेजवळ टाकी ठेवल्याबरोबर बाईंचा चेहरा उजळला. डावा हात त्यांनी खाटेच्या दांडीवर आपटला. धप धप. झटका आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या, अर्ध्या तोंडाने. मग टाकी परत न्या असं भाऊ कोणत्या तोंडाने म्हणणार?

पण त्या बेडकांना घालायचं काय? भाऊंनी माशी मारून टाकली. बेडकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाताचं शीत टाकलं, तेही तसंच पडून राहिलं. बेडकाला हललेलंच दिसतं, हे भाऊंना असं कळलं. मग त्यांनी जिवंत मुंग्या सोडल्या, तर एक मुंगी उलट बेडकाच्याच पायाला डसली. ज्वारीतले सोंडे टाकले, ते बेडकांनी तोंडात घेतले आणि थुंकून दिले. जिवंत माशी त्यांच्या तोंडात मावत नव्हती.

शेजारच्या कुसाबाई गाडीवर केळी विकायच्या, आणि भाऊ कामावर असले की येऊन-जाऊन बाईंकडे बघायच्या. त्यांच्या घरी पिकून काळ्या झालेल्या फण्यांवर चिलटं घोंघावत. भाऊंनी तसली दोन केळी बरणीत कुस्करून ठेवली, चिलटं आत बसली तशी तोंडाला फडकं बांधलं. आठवड्याभरात आत बारीक अळ्या वळवळायला लागल्या, त्यांची पुढे चिलटं झाली. केळं फार ओलं झालं की चिलटं त्यात चिकटून मरत, म्हणून भाऊ आत कागदाच्या घड्या सोडायचे. एका बरणीला बुरशी धरली तर हाताशी दुसरी असावी म्हणून तीन बरण्या केल्या. थंडीत चिलटं वाढेनात, तेव्हा बरण्या चुलीशेजारच्या फळीवर आल्या. लेथवर सुताचाही फरक पडू न देणारा माणूस, पण टाकीवर फडकं सोडलं की निम्मी चिलटं त्यांच्या नाकातोंडात जात. बेडकाची जीभ सटकन बाहेर यायची, चिलट गायब व्हायचं, आणि खाटेवर धप धप.

"भाऊ," कुसाबाई एकदा म्हणाल्या, "विहारात पंचशील घेता, आन घरी एका जीवाला दुसरा जीव घालता?"

"मंग काय करू, कुसाबाई? तिला दुसरं काय देता येतंय मला?"

 कुसाबाई केळी मात्र देत राहिल्या.

होळीच्या सुमारास कॉलनीत मलेरियाची फवारणी आली. "भांडी बाहेर काढा, पाणी झाका," असं ओरडत पंपवाले घराघरांत शिरले. भाऊंनी बाईंना उचलून कुसाबाईंच्या ओट्यावर नेलं, धावत परत येऊन टाकी नेली, भांडी काढली. फळीवरच्या बरण्या त्या घाईत राहून गेल्या.

परत आले तेव्हा भिंतींवर पांढरट थर बसला होता आणि घरभर उग्र वास होता. तिन्ही बरण्यांत चिलटं तळाशी पडली होती. कुसाबाईंच्या केळ्यांवरही एक उरलं नव्हतं. दोन दिवस भाऊ कामावरून आले की डबी घेऊन कॉलनीभर फिरले आणि रिकाम्या हाताने परतले. बेडूक काचेला पोट टेकून बसून होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर बारीक किडे दिसले. उताणे पडलेले, पाय झाडत गिरक्या घेणारे. हलत तर होते! पकडायचीही गरज नव्हती. भाऊंनी कागदाने ते वाटीत गोळा केले.

"लता, हे बघ! आयतं मिळालं."

बाईंनी वाटीकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"हो!" त्या म्हणाल्या. "हो! हो! हो!" डावा हात खाटेवर आपटत राहिला, चेहरा लाल झाला.

"अगं दम धर, देतोय ना," भाऊ हसून म्हणाले आणि त्यांनी वाटी टाकीत उपडी केली.

सकाळी चार बेडूक उताणे पडले होते. एकाचा पाय अजून थरथरत होता. भाऊंनी त्याला तळहातावर घेतलं, पाणी शिंपडलं. मग तोही थांबला.

बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भाऊ खाटेजवळ खाली बसले.

"काल तू नको म्हणत होतीस ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

त्या 'हो'वरही भरवसा कसा ठेवावा, हे भाऊंना कळेना. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. तो सैल पडून राहिला.

पाचवा बेडूक कोपऱ्यात बसला होता. त्याने रात्री काही खाल्लं नसावं. त्याला आपल्या हातून आता काही घालायची भाऊंची छाती होईना. त्यांनी टाकी उचलली आणि घरामागच्या नाल्याकाठी ओल्या गवतात तो सोडला. बेडूक जागचा हलला नाही. त्याला आजवर सगळं वरून पडलेलंच मिळालं होतं. गवताच्या पात्यावर एक बारका किडा चढत होता, बेडूक नुसता त्याच्याकडे बघत राहिला. पलीकडच्या दगडावर कावळा येऊन बसला. भाऊंनी खडा मारून तो उडवला. कावळा थोडा लांब जाऊन बसला.

"भाऊ!" कुसाबाईंनी भाऊंच्या घरातून हाक मारली. "बाईंना कुशीवर करायचंय, मला एकटीला नाय जमत!"

भाऊंनी एकदा कावळ्याकडे पाहिलं, एकदा बेडकाकडे. मग रिकामी टाकी काखेत मारून ते घराकडे वळले.