मेंढ्यांच्या पुस्तकाची फाइल

नातवंडांनो, तुमचे आजोबा गुरांचे डॉक्टर होते. पाली गावाजवळच्या एका मेंढपाळाकडून त्यांनी मेंढ्यांचे घरगुती उपाय वर्षानुवर्षं ऐकून लिहून घेतले आणि त्यांचं छोटं पुस्तक छापलं. त्या प्रती वाटून संपल्या. माझ्याकडे उरलेल्या एकीची मधली पानं वाळवीने खाल्ली. उरली ती त्यांच्या कॉम्प्युटरमधली फाइल.

यंदा दिवाळीनंतर त्या मेंढपाळाची मुलगी आली. आता तीच म्हातारी झाली आहे. म्हणाली, "बाई, आठ दिसांनी आमी मेंढरं घेऊन रानोमाळ निघतो. बापाचं पुस्तक सुनेच्या फोनात घालून द्या. मला वाचता येत न्हाई, पर ती वाचती."

एवढंच ना, म्हणून मी लगेच फाइल पाठवली. आजोबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती चित्रांसकट छान दिसत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेचा फोन आला.

"बाई, ह्ये समदं इंग्रजी हाय की! मधीमधी कंस अन् टिंबं."

मागून म्हातारी ओरडली, "माझा बाप कवा इंग्रजी बोलला गं?"

सुनेने पडद्याचा फोटो पाठवला. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण मलाही त्यातला एक शब्द लागेना. शोध घेतल्यावर कळलं, की तेव्हाचे मराठी टायपिंगचे प्रोग्राम फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं साठवत आणि एक खास फाँट त्यांना वरून मराठी रूप देई. तो फाँट फक्त आजोबांच्या कॉम्प्युटरात होता. ते यंत्र बंद पडलं असतं, तर पुस्तक असून नसल्यासारखं झालं असतं! खरं तर घाबरायला हवं होतं, पण मला इतका हुरूप आला की जेवण सोडून मी वही घेतली आणि रकाने आखले.

प्रत्येक प्रकारच्या फाइलला एकच प्रश्न विचारला: मी नसताना, हा कॉम्प्युटर नसताना, इंटरनेट नसताना तू उघडशील का? पानांचे फोटो उघडले असते, पण त्यांत शब्द शोधता येत नाही आणि लहान फोनवर पान सारखं इकडेतिकडे सरकवावं लागतं. युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही फोनला कळणाऱ्या मराठी अक्षरांतला, साधा मजकूर कुठेही उघडतो, पण औषधी पाल्याची चित्रं गळतात. शेवटी तीन फाइली करायचं ठरवलं. साधा मजकूर, कारण तो सगळ्यांत जास्त टिकेल. फाँट पोटात घेतलेली पीडीएफ, म्हणजे पुस्तक छापलं होतं तसंच दिसेल. आणि फोनच्या ब्राउझरमध्ये चित्रांसकट उघडेल असं एक वेबपान.

जुनी अक्षरं युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम चालवला आणि पहिला परिच्छेद मराठीत उभा राहिला, तेव्हा मी एकटीच "आलं, आलं!" म्हणून ओरडले. मग चार दिवस ओळ न् ओळ ताडून पाहिली.

ते निघायच्या आदल्या दिवशी माझा लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या मेंढवाड्यावर गेले. सुनेच्या फोनचं इंटरनेट बंद करायला लावलं. पान उघडलं! चित्रंही आली. सून वाचू लागली, "खुरं सडल्यास कडुलिंबाचा पाला उकळून, गार पाण्याने..."

"थांब. गार न्हाई, कोमट. बाप कोमट म्हणायचा. डाक्टरसायबांनी चुकीचं लिवलं."

"आत्याबाई, छापलेलं हाय ते."

"छापलं म्हून मेंढीला गार वाजायचं ऱ्हाईल व्हय?"

माझ्या वहीत याला रकाना नव्हता. आजोबांचा शब्द बदलायचा? मग ठरवलं, की पीडीएफला हात लावायचा नाही, त्यांनी छापलं तसं तिथे राहील. मजकुरात आणि वेबपानात मात्र "कोमट" लिहायचं, आणि खाली टीप द्यायची: ही दुरुस्ती सांगणाऱ्याच्या मुलीने केली. पानांचे नुसते फोटो काढून ठेवले असते तर हे करताच आलं नसतं!

तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन मी शब्द बदलला आणि नवी फाइल ब्लूटूथने सुनेच्या फोनवर पाठवली. तिने पुन्हा उघडून पाहिली, इंटरनेट नसतानाच.

म्हातारी माझ्याजवळ सरकून बसली. "बाई, त्ये यंत्र मिटू नका आताच," ती म्हणाली, आणि सुनेकडे वळली, "वाच पुढं. अजून लई चुकलेलं सापडंल."