पिवळ्या तारेआधीची दहा मिनिटं

आबा माझे वडील नव्हेत, पण मोटारीचं वायरिंग मी त्यांच्याकडेच शिकलो. धुळ्यात महामार्गालगत त्यांची पत्र्याची शेड होती. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगायचे. लांबचे ट्रकवालेसुद्धा तेवढ्यासाठी थांबायचे. मला त्या कानांचा फार अभिमान होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी देवपूरच्या एका डॉक्टरांची परदेशी गाडी आली. हॉर्न वाजत नव्हता. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेली आमच्याकडची ती पहिलीच गाडी. आबांच्या लेखी तो नुसता फुगा. मी तिशीतला, मॅट्रिक झालेला. गाडीतलं इंग्रजी पुस्तक अडखळत वाचलं. धडक बसली की आत ठिणगी पडते, भुकटी पेटते आणि तिच्या वायूने पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. बॅटरी सोडवली तरी वीज थोडा वेळ साठून राहते, म्हणून दहा मिनिटं थांबायचं. आणि एअरबॅगच्या पिवळ्या तारांना टेस्टिंगचा दिवा कधीच लावायचा नाही; त्याच्या एवढ्याशा विजेनेही ठिणगी पडते.

आबांचा दिवा म्हणजे सेल, इवलासा बल्ब आणि दोन तारा. वीस वर्षं त्यांनी प्रत्येक तार त्यावरच तपासली होती. त्यांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं, "मरी गयी गाडी," म्हणाले आणि लगेच मान वाकडी करून स्टिअरिंगखाली शिरले. शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण डॉक्टर शेजारी उभे, आणखी चार माणसं बघत होती. त्यांच्यादेखत आबांना मी काय शिकवणार? मी पुस्तक मिटलं. आबांनी दिव्याची तार पिवळ्या जोडाला लावली.

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. पांढऱ्या धुरातून आबांना बाहेर ओढलं, तोवर पिशवी लोळागोळा होऊन लोंबत होती. भाजलेला गाल पंधरा दिवसांत बरा झाला. डावा कान गेला तो गेलाच. त्यानंतर इंजिन चालू केलं की आबा मला पुढे करायचे, काय ऐकू येतं म्हणून विचारायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्या वर्षी तशीच दुसरी गाडी आली. मी टर्मिनल काढलं, गिऱ्हाइकाला मागे सरकवलं, घड्याळ बघितलं आणि आबांशेजारी बाकावर बसलो. दहा मिनिटं थांबायचं होतं.

"तू ते पुस्तक वाचेल व्हतं ना?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"मंग बोलना का नही?"

"लोकेसमोर तुमले कसं सांगू, आबा," मी खालच्या आवाजात म्हणालो.

पण मी बसलो होतो त्यांच्या डाव्या हाताला. आबांनी उजवा कान माझ्याकडे वळवला आणि वाट बघत राहिले. मग तेच मला पुन्हा, मोठ्याने, गिऱ्हाइकासमोर सांगावं लागलं.