खालच्या टाकीचं पाणी

खालच्या टाकीचं ठरलं तेव्हा आम्ही चौघंच होतो. मी, माझा पोरगा, सूनबाई आणि सुनेचा धाकटा भाऊ. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत. पाचवं कोणी नव्हतं.

पोरगा कंपनीत फिटर होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा गेला. मग बोलायचाच बंद झाला. भिंतीकडं तोंड करून बसायचा. जेवायला हाक मारली की यायचा, ताट सरकवून परत भिंतीकडं. मी भाजीबाजारातून आले की आधी त्याची छाती हलते का बघायची, मग पाणी प्यायची.

त्याचा एक जुना सोबती गाव सोडून चालला, त्यानं जाताना आपली माशांची काचपेटी ह्याला दिली. समुद्राचे मासे. त्यांना खारं पाणी लागतं, आणि घरातलं मीठ चालत नाय, वेगळं येतं पिशवीत. नाशकात समुद्र कुठला? ह्यानं बादलीत मीठ कालवून केला. आणि एक दिवस म्हणाला, "आई, ह्यो बघ, वाळूत कसा घुसतो." लय महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला. मी भाकरी थापत राहिले.

म्हणून त्यानं खालच्या टाकीचं काढलं, तेव्हा नाय म्हणायला कोणाची जीभ उचलेना.

सुनेच्या भावाला बोलावून त्यानं फरशीवर खडूनं टाकी आखली. एक लांब चौकोन, त्यात तीन कप्पे. वरच्या पेटीतलं घाण पाणी नळीनं पहिल्या कप्प्यात पडणार. मधल्यात शेवाळ वाढवायचं, त्याच्यावर लाइट. शेवाळ घाण खातं. तिसऱ्यात पंप, तो पाणी परत वर फेकणार. हे सगळं पेटीखालच्या लाकडी कपाटात. काचा आणून घरीच चिकटवायच्या.

"ह्याला इंग्रजीत संप म्हणतात," पोरगा म्हणाला.

"कंपनीत केला नाय दाजी, आता घरात करताय व्हय?" भाऊ बोलून गेला. सुनेनं डोळे वटारले. पण पोरगा हसला.

"आणि आई, मधल्या कप्प्यात बारके जीव राहतात. मासे तिथं पोचत नाय, म्हणून वाचतात. आसरा हाय तो त्यांचा."

"माझ्या पिठाच्या डब्याला कुठं आसरा?" सून म्हणाली. "ते कपाट माझं होतं."

"माशांना विचार."

सगळे हसले. मी विचारलं, "लाइटीचा बोर्ड कुठं?"

"तिथंच, कपाटात खाली. वायरी दिसायला नको."

मी फरशीवरचे पाय पोटाशी घेतले. आमचं गाव घोटीकडं. भाताचं खाचर होतं, विहिरीवर मोटर होती. माझ्या मालकानं ओल्या पायानं मोटरच्या पेटीला हात लावला आणि चिकटला. त्याला ओढायला त्याचा भाऊ धावला, तोही चिकटला. मी बांधावर होते. एकाच अंगणातून दोन तिरड्या गेल्या. हा पोरगा तेव्हा रांगत होता. त्याला बाप आठवत नाय. मग मी त्याला काखेत घेऊन नाशकात आले आणि बाजारात बसले.

"बोर्ड वर भिंतीवर घे, बाबा."

"घेतो गं. आधी टाकी तर होऊ दे."

टाकी झाली. बोर्ड खालीच राहिला. भावानं मात्र काचेवर लाल पेनानं रेघ मारली. "दाजी, लाइट गेली की पंप थांबणार. मग वरचं पाणी नळीनं मागं खाली येणार. तेवढी जागा रिकामी पाहिजे. ह्या रेघेच्या वर भरायचं नाय." पोरग्यानं ते पाळलं. लाइट गेली की कपाटात गुडगुड व्हायचं, पाणी चढायचं आणि काठाच्या खाली थांबायचं. मी दर वेळी पाट ओढून पाय वर घ्यायची.

"आई, गोदामाईला पूर आला का?" सून हसायची. हसू द्यायची मी तिला.

मग खांडेनवमी आली, हत्यारं पुजायचा दिवस. आमच्यात त्या दिवशी घरात एकही भांडं रितं ठेवत नाय. सुनेनं सकाळीच हंडे, कळशा, बादल्या भरल्या. पोरग्यानं अंघोळ करून खालची टाकी काठोकाठ भरली. "सणाला अर्धी टाकी बरी दिसत नाय," म्हणाला. भाऊ तेव्हा झेंडू आणायला गेलेला. मी विळी घासत होते. लाल रेघ पाण्याखाली गेली, ती कोणीच बघितली नाय.

पाटावर विळी, कोयता, माझा तराजू, त्याचे फिटरकामाचे पाने मांडले. शेवटी पंपाची पूजा. चालत्या यंत्राला कुंकू लावत नाय, ते थांबवायचं असतं. त्यानं कपाट उघडलं आणि पंपाचं बटण बंद केलं. शेवाळावरची लाइट तशीच चालू. बोटाला कुंकू घेतलं.

गुडगुड झालं. पाणी चढलं. ह्या वेळी थांबलं नाय.

काठावरून कपाटात, कपाटातून फरशीवर. पाटाखाली गेलं, कुंकू वाहायला लागलं. "बोर्ड!" म्हणून त्यानं गुडघ्यावर बसून आत हात घातला.

ओरडला नाय तो. नुसता ताठ झाला.

सून धावली. मी तिचा अंबाडा धरला आणि मागं ओढली. "सोडा! आई, सोडा मला!" ती माझ्या मनगटाला चावली. मी सोडलं नाय. तोंडानं ओरडत होते, "मेन पाड! मेन पाड!" भाऊ फुलं घेऊन दारातच पोचला होता. त्यानं फुलं टाकली आणि दाराबाहेरच्या ओट्यावर मीटरच्या पेटीतला मेन खाली ओढला. पोरगा कुशीवर पडला. माझ्या पोरग्याला मी त्या वेळात हात लावला नाय. नुसती बघत होते.

तो जगला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाय. मासे सगळे मेले, सुनेनंच काढले. ती माझ्याशी बोलत नव्हती. मग एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "मी गेले असते तर?"

"दोघं गेले असते."

तिनं हात धुतले, चहा टाकला आणि पहिला कप मला दिला.

पोरगा परत भिंतीकडं बसायला लागला. काचपेटी कोरडी पडली, काचेवर मिठाची पांढरी खपली धरली. पण परवा त्यानं डाव्या हातानं खडू मागितला. फरशीवर लांब चौकोन काढला. तीन कप्पे. बोर्ड कुठं ते अजून काढलं नाय. नाय म्हणावं तर परत भिंत, हो म्हणावं तर परत ते कपाट. मी त्याच्या शेजारी पाट टाकून बसते आणि बघते.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात पाण्याजवळ लाइटीचा बोर्ड खाली असंल, तर आजच तो वर भिंतीवर घ्या. आणि आपलं माणूस चिकटलं, तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा.