अण्णा ‘येतो’ म्हणाले

ते मला ‘वरच्या वळणावर थांब’ म्हणाले होते आणि मला ते नीट ऐकू आलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

आधी माणूस सांगतो. बसले की त्यांची उजवी टाच हलत असायची, शिलाई मशीनवर पाय ठेवल्यासारखी. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्याकडे बघून आपल्यालाच बसवत नाही. सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन ते आमच्या कंपनीत सल्लागार म्हणून आले होते. मी पुण्याहून आलेला, त्यांचा जन्म इथल्याच जयनगरचा. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि बोलताना दोन्हींची मिसळ. पहिल्या दिवशी मी ‘सर’ म्हणालो, तर म्हणाले, “सर नको, अण्णा म्हण. इथं रिक्षावाल्यालासुद्धा अण्णा म्हणतात. तेवढा मान मला साकु.” साकु म्हणजे पुरे, हे मला तेव्हा कळलं.

मारतहळ्ळीहून व्हाइटफील्डला आम्ही ऑफिसच्या एकाच कॅबनं जायचो. कॅब रहदारीत अडकली की यांचा हात दाराकडे. “स्वल्प पुढं बघून येतो.” की लागले चालायला. मग पुढं कुठंतरी उड्डाणपुलाखाली तिखटमीठ लावलेली काकडी खात उभे असलेले सापडायचे. तोवर ट्रॅफिक पोलिसाशी गप्पा झालेल्या. आत बसता बसता बातमी द्यायचे, “काही नाही रे, बस बंद पडलीय. आणि त्या पोलिसाची मुलगी इंजिनिअरिंगला आहे.”

ड्रायव्हर आरशात बघून हसायचा. मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा त्रास व्हायचा. माझ्या आतली घाई मी कष्टानं दाबून ठेवलेली, आणि हा माणूस आपली घाई खुशाल रस्त्यावर फिरवत होता.

कोडगूतल्या त्या डोंगरावर जायची कल्पना त्यांचीच. निघताना त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, मला बाजूला घेतलं. “हे कुठंही निघून जातात. तुम्ही बरोबर आहात म्हणून सोडतेय.”

अण्णांनी आतून ऐकलं. “मी काय गाय आहे का सोडायला?”

“गाय परत तरी येते,” वहिनी म्हणाल्या.

पायथ्याशी कॉफीचे मळे, मग गवताचे उतार, आणि माथ्याच्या जरा खाली दाट जंगल. शेवाळानं माखलेली बुटकी झाडं, वाटेवर मुळ्यांच्या पायऱ्या, बुटांवर चढणाऱ्या जळवा. चौकीवर वनखात्याच्या गार्डनं बजावलं होतं, वर वाट फुटते, धुक्यात कळत नाही, एकमेकांना सोडू नका. अण्णा सकाळभर माझ्यापुढं होते आणि सारखे बोलत होते. हे झाड, ते पाखरू, कारखान्यातला कुठला तरी संप. मी ‘हं, हं’ करत होतो.

शेवटच्या चढाआधी ते एका मुळीवर बसले. टाच हलत नव्हती. ओठ पांढुरके झाले होते.

“परत फिरू या का?” मी विचारलं.

“छे रे. स्वल्प दम लागलाय. तू हो पुढं, मी येतो. वरच्या वळणावर थांब पण. तिथंच वाट फुटते.”

“सरी,” मी त्यांच्याच भाषेत ‘बरं’ म्हणालो.

वळण आलं. मी थांबलो, म्हणजे नुसता उभा राहिलो. झाडांच्या वर माथा मोकळा दिसत होता आणि खालून धुकं चढत होतं. जरा वेळ गेला असता तर माथ्यावरून काहीच दिसलं नसतं. कारण एवढंच. मी पुढं गेलो. वर वारा होता, खाली डोंगरामागं डोंगर, सगळे जंगलानं भरलेले. शेजारी कुणी बोलत नव्हतं. मला फार बरं वाटलं. हेही सांगायचं होतं.

उतरताना मुळी रिकामी. मी हाका मारल्या. नंतर कळलं, ते वळणापर्यंत आले होते, मी दिसलो नाही म्हणून अंदाजानं दुसऱ्या वाटेला लागले, आणि पुढं ओढ्याच्या घळीत घसरले. गार्डनं माणसं आणून त्यांना वर काढलं, तेव्हा मांडीचं हाड मोडलेलं होतं.

हॉस्पिटलात वहिनींनी विचारलं, “तुम्ही कुठं होतात?”

“अण्णा ‘येतो’ म्हणाले,” मी म्हणालो. “मला वाटलं, निरोप घेतायत. खाली चाललेत.”

आपल्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्यामुळं कुणाला शंका आली नाही. वहिनी थेट खाटेकडे वळल्या. “जन्म गेला, पण नीट बोलता येईना! ‘मागून येतोय’ म्हणायला काय जीभ झडत होती?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “सरी. माझंच चुकलं.”

पाय पूर्वीचा झाला नाही. वॉकर धरून बाल्कनीपर्यंत, तेवढंच त्यांचं जग उरलं. बोटं वॉकरच्या दांडीवर वाजत राहायची. मी रविवारी जायचो. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. एकदाच, वहिनी स्वयंपाकघरात असताना, हळूच विचारलं, “वर काय दिसलं रे?”

“धुकं होतं,” मी म्हणालो. “काहीच दिसलं नाही.”

“मग बरं,” ते म्हणाले. “फार काही हुकलं नाही म्हणायचं.”

अण्णा गेल्या वर्षी गेले. मी अजून जातो त्या घरी. कुणी आलं की वहिनी हसत हसत सांगतात, “‘येतो’ म्हणाले आणि घोटाळा करून बसले. शेवटपर्यंत धड बोलता आलं नाही या माणसाला.” आलेले हसतात. मी चहा संपवतो आणि उठतो.

अण्णा धड बोलले होते. हे वहिनींना सांगायचं माझ्याकडे बाकी आहे.